आणि पार्टी

माझं नाव श्रीमंत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे माझी बायको भिमाबाई आठवड्यातून एकदा म्हणतेच, तेव्हा तुम्ही म्हणायचे कष्ट घेऊ नका. मी रेल्वेत गँगमन आहे. पुणतांब्याच्या अलीकडे-पलीकडे रुळांखालची खडी सारखी करायची, हे पोटासाठी. पण कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी सांगायचो, मी झीलकरी आहे.

झीलकरी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की गायन पार्टीत एकजण गातो आणि बाकीचे मागे उभे राहून माना डोलावतात. तसं नसतं. गायक ओळ म्हणतो. ओळ शेवटाला आली की त्याचा दम संपतो. तिथं झीलकरी ओळीचं शेपूट पकडतो, वर चढवतो, घोळवतो, आणि तेवढ्यात गायक श्वास भरून पुढच्या ओळीला मोकळा होतो. लोक टाळ्या वाजवतात त्या शेपटाला. हार घालतात तोंडाला.

आमच्या पंचशील गायन पार्टीचं तोंड होता रंगनाथ पगारे. माझ्याच वस्तीतला, माझ्याच वयाचा. शुगर फॅक्टरीत गव्हाणीवर ऊस टाकायचा आणि रिकाम्या वेळी जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर गाणी लिहायचा. लिहायचा तोच, चाली लावायचा तोच, गायचा तोच. पेटीवर कारभारी मास्तर, एक ढोलकीवाला, आणि झीलीला मी. जयंती असो, बारसं असो, लग्न असो, कोपरगाव-राहात्यापासून पार नगरपर्यंत आम्हाला बोलावणं असायचं. जाहिरातीच्या कागदावर छापलेलं असायचं, 'सुप्रसिद्ध गायक व कवी रंगनाथ पगारे आणि पार्टी'. त्या 'आणि पार्टी'मध्ये मी अकरा वर्षं काढली.

खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटायचा. पहिल्यापासून वाटायचा. गाण्याबाहेर त्या माणसाच्या तोंडून चार शब्द निघायची मारामार, पण तरी बायामाणसं त्यालाच पाणी विचारायची, म्हातारी माणसं त्याच्याच तोंडावरून हात फिरवायची. आमच्यापुढं कुणी चहाचा कप धरला तर आधी त्याला, मग मास्तरांना, मग ढोलकीवाल्याला, आणि शेवटी उरलेला मला. मी कप मोजत नव्हतो. पण दिसायचं ते दिसायचंच.

तालमीचीही आमची एक रीत होती. मास्तरांच्या अंगणात रंगनाथ नवं गाणं म्हणून दाखवायचा आणि ओळीच्या शेवटाला यायच्या आधी थांबून माझ्याकडं बघायचा. मी ताडकन शब्द टाकायचो. तो मान हलवायचा. पुढची ओळ. मला वाटायचं, बघा, या गड्यानं वहीत काय लिहिलंय ते मला न वाचता ओळखता येतं. त्याची वही मी कधी हातात घेतली नाही. कशाला घेऊ? त्यानं द्यावी, मग घेईन, असं माझं होतं. त्यानं कधी दिली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात त्यानं पाण्याचं गाणं बांधलं. आमच्या बाया तेव्हा कोसभर चालत गोदावरीच्या पात्रात जायच्या, वाळूत झिरा उकरायच्या आणि वाटी-वाटीनं घागर भरायच्या. गाणं असं होतं:

माय गेली पान्याला, दिस आला डोईला,
घागर भरून आनली…

तालमीत तो इथं थांबला आणि माझ्याकडं बघितलं. मी शब्द टाकला, "ऊन!" मास्तरांचा हात पेटीवरच थांबला. रंगनाथनं मान हलवली. पुढं गावोगाव तो "आनली" म्हणून तोंड मिटायचा, मी "ऊन" वर न्यायचो, आणि मांडवात बसलेल्या बाया पदर तोंडाला लावायच्या.

त्र्याहत्तरच्या जयंतीला कोपरगावात कार्यक्रम होता. गर्दी मायंदाळ. कार्यक्रम संपल्यावर पुण्याच्या रेडिओवरचे एक साहेब स्टेजची शिडी चढून आले. शिडीच्या तोंडाशी मी झील धरताना वाजवायची माझी दिमडी पिशवीत घालत होतो. साहेबांनी माझ्या खांद्याला धरून मला हलकेच बाजूला केलं आणि रंगनाथपुढं जाऊन उभे राहिले.

"तुमच्या ओळींच्या शेवटाला जे होतं ना, ते मी कुठंच ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "पुण्याला या. आवाजाची चाचणी घेऊ. मी फॉर्म पाठवतो."

रंगनाथनं तोंड उघडलं, "साहेब, ते शेवटाचं…" पण साहेबांना कुणीतरी हाक मारली आणि ते वळले. रंगनाथ गप्प बसला. त्याचं ते गप्प बसणं माझ्या पोटात मोठ्या खिळ्यासारखं शिरलं. माझं गाणं, माझं शेपूट, माझा सूर. शाबासकी त्याला, आणि त्याला दोन शब्दही बोलता आले नाहीत!

घरी जाऊन मी भिमाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "रंगनाथ भावजी येकलं गानार का तितं?"

"येकलाच. आता लई मोठा झाला तो."

"मंग शेवटाला काय करत्याल? ते तर तितं थांबत्यात. तितं तुमीच असता."

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. खरंच की! अकरा वर्षांत रंगनाथनं ओळीचा शेवटचा शब्द कधी गायलाच नव्हता. त्याच्या छातीला ती सवयच नव्हती. तिथं तो श्वास घ्यायचा. ही गोष्ट लोकांना ठाऊक नव्हती, साहेबांना नव्हती, आणि माझी खात्री होती की खुद्द रंगनाथलाही नव्हती. जो दुसऱ्याच्या पाठीवर बसून नदी पार करतो त्याला पाणी किती खोल ते कसं कळणार?

"जाऊन सांगा त्यान्ला," भिमाबाई म्हणाली. "चार दिस सराव केला तर येईल. न्हाईतर फजिती व्हईल त्यांची."

"सांगतो की," मी म्हणालो.

सांगितलं नाही. एकदा तो स्वतः रुळांपाशी मला भेटायला आला होता, तेव्हा सांगता आलं असतं. एकदा मास्तरांच्या अंगणात आम्ही दोघंच बसलो होतो, तेव्हाही. प्रत्येक वेळी शब्द ओठांवर यायचा आणि मी तो गिळायचो. गिळताना गोड लागायचा, हेही सांगतो. पडू दे एकदा तोंडघशी. कळू दे त्या साहेबाला, आणि याला, आणि साऱ्या जगाला की शेवटाला कोण असतं.

फॉर्म आला. त्यानं तो एका संध्याकाळी अर्धा तास खर्चून भरला आणि टपालात टाकला. मग जूनमध्ये तारीख आली. तारखेचा कागद घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला.

"श्रीमंता, चल माझ्यासंगं पुन्याला."

"मी कशाला?"

त्यानं कागदाची घडी घातली. "तू पायजे," म्हणाला.

पिशवी उचलायला हवाय याला कुणीतरी, असा मी अर्थ काढला. दुसऱ्या कुठल्या अर्थाला माझ्या मनात जागाच नव्हती. तरी गेलो. फजिती बघायला सोन्याचा पास मिळत असताना घरी कोण बसेल? रजा टाकली, पॅसेंजर धरली, दौंडला गाडी बदलली. वाटेत तो म्हणाला, "पान्याचंच गानं म्हनू नं?" मी म्हणालो, "तेच म्हन. तेच चांगलं हाय." त्या गाण्यात दर ओळीच्या शेवटी खड्डा होता.

रेडिओच्या इमारतीत एक लांब व्हरांडा होता. तिथं लाकडी बाकावर आम्ही बसलो. नंबर आला तशी एक बाई कागद घेऊन बाहेर आल्या.

"रंगनाथ पगारे?"

"मी," तो उभा राहिला.

बाईंनी कागदावर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "आणि हे? साथीला आहेत का?"

रंगनाथ माझ्याकडं वळला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मला ठाऊक होतं, मी हो म्हणालो तर खड्डा बुजणार. त्याची इज्जत वाचणार, आणि शाबासकी पुन्हा त्यालाच.

"न्हाई वो बाई," मी म्हणालो. "मी नुसता सोबतीला आलोय."

बाईंनी त्याला दाराशी नेऊन हळू काहीतरी सांगितलं, पुढं कागद धरला, पेन दिलं. त्यानं वाकून कागदावर काहीतरी केलं. सही करत असेल असं मला वाटलं. मग तो आत गेला आणि जाड दार मिटलं. दारावर लाल दिवा लागला.

व्हरांड्यात एक स्पीकर होता. आतलं त्यातून बारीक ऐकू यायचं. पेटी लागली, तबला लागला, आणि त्याचा आवाज आला. मी बाकाच्या कडेला सरकून बसलो.

"माय गेली पान्याला, दिस आला डोईला, घागर भरून आनली…"

आणि काहीच नाही. तबल्याचे ठोके चालू, पेटीवाल्यानं नुसता सूर धरलेला, आणि रंगनाथ गप्प. माझ्या तोंडात "ऊन" आलेलं. मी दातांवर दात दाबून बसलो. पडला, मी मनात म्हणालो, पडला गडी. मग दुसरी ओळ आली, "खडी फोडून हात फुटलं, पदरामंदी पडलं…" आणि पुन्हा तेच. मी बाकाची फळी दोन्ही हातांनी धरली होती. तिसऱ्या ओळीला मला काहीतरी खटकलं. माणूस अडखळला तर कधी लवकर थांबतो, कधी उशिरा. घाबरून पुढची ओळ आधीच घेतो. हा तर दर खेपेला नेमका तेवढाच थांबत होता. माझा सूर जेवढा चालायचा तेवढाच, वीत न वीत तेवढाच. पण मी ते मनावर घेतलं नाही. सवय ती, म्हटलं.

बाहेर आला तेव्हा घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मी विचारलं, "कसं झालं?"

"झालं," तो म्हणाला.

येताना दौंडला मी माझ्या पैशानं भेळ घेतली आणि दोघांनी खाल्ली. इतकी चवदार भेळ मी आयुष्यात खाल्ली नव्हती.

महिन्याभरानं पत्र आलं. रंगनाथ पास. नुसता पास नाही, साहेबांनी वर चार ओळी हातानं लिहिल्या होत्या: ओळीच्या शेवटी आवाज थांबवून ऐकणाऱ्याला शब्द शोधायला लावण्याची त्याची ढब अतिशय वेगळी आहे, ती त्यानं कधी सोडू नये. कारभारी मास्तरांनी ते पत्र साऱ्या वस्तीला वाचून दाखवलं. मलाही जवळ बोलावून वाचून दाखवलं, दोनदा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी माझी गत. मी त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात देव निघाला आणि लोक नारळ घेऊन रांगेत उभे राहिले.

दिवाळीच्या सुमाराला गाणं रेडिओवर लागलं. एकदा लागलं, मग आठवड्याला लागायला लागलं. पुढचं सारं मला सहन करावं लागलं. पुणतांब्याच्या हॉटेलात ट्रान्झिस्टरवर रंगनाथ म्हणायचा, "घागर भरून आनली…" आणि बशीत चहा ओतणारी माणसं एका दमात म्हणायची, कुणी "ऊन", कुणी "धूळ", कुणी "आग". वाद घालायची. आमच्या गँगमधली पोरंसुद्धा! पहार रुळाखाली घालायची, एकानं ओळ म्हणायची, आणि जोर लावताना साऱ्यांनी आपापला शब्द ओरडायचा. ज्या जागेसाठी मी अकरा वर्षं घसा तासला, तिथं आता कुणीही उठावं आणि बसावं. आणि मी? मी तोंड मिटून पहार मारायचो. माझ्या मुकादमानं एकदा विचारलंही, "श्रीमंत, तू कधीकाळी त्याच्या पार्टीत हुतास म्हनं?"

रंगनाथला बोलावणी यायला लागली, पण एकट्याला. पार्टी आपोआप मोडली. मास्तरांनी पेटी खोळीत घातली. मग कळलं की मुंबईचे रेकॉर्डवाले त्याची तबकडी काढणार आहेत आणि तो पुण्यालाच खोली घेऊन राहणार आहे. जायच्या आदल्या दिवशी सकाळी तो पेढे घेऊन माझ्याकडं आला. भिमाबाईनं चहा टाकला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो.

मी फार दिवस धरून ठेवलं होतं. ते तोंडून गेलंच.

"रंगा, तुला एक सांगू? लोक ज्याला तुझी ढब म्हनत्यात नं, ती ढब-बिब काय न्हाई. तुला शेवटचा शब्द गाताच येत न्हाई. अकरा वरसं तो मी गायलो. तिथं थांबायची तुला सवय लागलीया, बास. तुला ठावं तरी हाय का?"

मला वाटलं, आता चेहरा उतरेल. तो बशीतला चहा पिऊन मग बोलला.

"ठावं हाय की."

"काय ठावं हाय?"

"तितला शबूद मी कधी लिवलाच न्हाई. वहीत तिथं जागा सोडायचो. तालमीला तू टाकशील तो शबूद." एवढं बोलायलाही त्याला कष्ट पडत होते. "'ऊन' तुजं हाय, श्रीमंता. मला न्हाई सुचलं ते. म्हनून फारमावर दोन नावं लिवली मी. तुजं नि माजं. पान्याच्या गान्याचे कवी म्हनूनबी दोन, नि गायक म्हनूनबी दोन."

मला काही कळेना. "कुठल्या फारमावर?"

"त्याच की. त्या बाईंनी तुला इचारलं, साथीला हायेस का. तू न्हाई म्हनलास." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "मला वाटलं, तुजी सरकारी नोकरी, तुला भ्या वाटलं असंल. बाई म्हनल्या, मग हे नाव काटा. मी काटलं. पर तुज्या जागंवर मी काय गाऊ? ती जागा मी तशीच सोडली."

मला तेव्हा जितका राग आला तितका आयुष्यात आला नव्हता. त्याचा. माझा नाही, त्याचाच. आधी सांगायला काय झालं होतं याला? एवढ्या मोठ्या मनानं वागायचं आणि माणसाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ही कुठली रीत? तो हलकट असता तर मी सुखानं झोपलो असतो. अकरा वर्षं मी त्याचा हेवा केला, आणि तो माझ्यासाठी पानापानावर जागा सोडत बसला होता. त्याला एकटं मी केलं होतं. घड्याळाकडं बघत, चार शब्दांत.

मग मी लाज गुंडाळून ठेवली.

"मग आता लिव्ह की माजं नाव," मी म्हणालो. "रजा टाकतो. येतो मी मुंबईला."

रंगनाथनं मान खाली घातली. बशी ओट्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"मी इचारलं त्यान्ला," तो म्हणाला. "दोन येळा इचारलं. ते म्हनले, ती जागा मोकळीच पायजे. कुनी तिथं गायलं तर रेकॉर्ड खपायची न्हाई. लोकान्ला तीच आवडती."

मी हसलो. काय करणार? तो उठला, म्हणाला, "येतो, वैनी," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग वस्तीच्या वाटेनं खाली गेला. मी पेढ्याचा पुडा उघडलाही नाही.

आत भिमाबाई भांडी घासायला बसली होती. तिला आमचं सगळं ऐकू गेलं होतं की नाही, कुणास ठाऊक. राखेनं तांब्या घासता घासता ती आपल्याच नादात गुणगुणायला लागली, "माय गेली पान्याला, दिस आला डोईला, घागर भरून आनली…" आणि थांबली. मी ओट्यावर श्वास धरून बसलो. म्हटलं, निदान ही तरी. निदान माझ्या घरात तरी.

"वाट," ती म्हणाली. गायली नाही, नुसती म्हणाली, आणि पुढची ओळ घेतली.

दुष्काळाची दोन वर्षं रोज कोसभर चालून ती पाणी आणत होती. तिचा शब्द माझ्या शब्दापेक्षा चांगला होता, आणि तो ऐकून माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.